नाव दिसलं, सही जुळली नाही

बेंगळुरूच्या नोकरीत मला पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ग्राहकांकडून येणाऱ्या कामाच्या पत्रकांवर ठरणार होतं. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिलाच. परत जायची माझी तयारी नव्हती.

त्या दिवशी होसकोटेच्या एका कारखान्यात पॅकिंग मशीनच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. आमच्याकडे एकानं डाउनलोड केलेली फाईल पेनड्राइव्हवरून सगळ्यांकडे फिरायची. मीही तीच नेली होती. मशीन बंद करून कारखान्याचे सुपरवायझर शेजारी उभे राहिले. ते निपाणीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत.

फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये, डिजिटल सहीच्या जागी, सॉफ्टवेअर कंपनीचं नाव होतं. एरवी मी तेवढंच बघून पुढे जायचो. पण आदल्याच दिवशी प्रशिक्षणाच्या मॅडमनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "नाव कुणीही वाचेल. सही खरी आहे का, ते कुठं बघितलंस?" त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नावावर क्लिक करून तपशील उघडला. सही वैध नाही, असं आलं. कंपनीनं सही केल्यानंतर फाईलमध्ये काहीतरी बदललं होतं.

"अण्णा, ही टाकता येणार नाही."

"नाव आहे की रे तिथं! टाक. लाईन बंद आहे माझी."

"नाव आहे, पण सही जुळत नाही."

"पत्रिका जुळवायला आलायस काय इथं?"

ऑफिसातल्या सीनियरला फोन केला. तो म्हणाला, "सगळ्यांनी हीच टाकलीय. पत्रक खराब आलं तर रडत येऊ नकोस."

"नाही येणार सर. पण ही टाकणारही नाही."

लॅपटॉपला मोबाईलचं इंटरनेट जोडून कंपनीच्या साइटवरून फाईल पुन्हा उतरवली. पाऊण तास लागला. अण्णा सारखे विचारत होते, "आली काय?" मी इथं शिकलेल्या कन्नडात म्हणत होतो, "स्वल्प, थोडं थांबा." नव्या फाईलची सही ठीक निघाली. मशीन सुरू झालं.

पत्रकावर उशिराचं कारण लिहायचं होतं. सीनियर फोनवर म्हणाला होता, उशीर झाला तर नेटवर्क नव्हतं असं लिही. मी लिहिलं: आणलेल्या फाईलची सही अवैध निघाली, निघण्यापूर्वी मी ती तपासली नव्हती.

अण्णांनी वाचलं. "हे वाचून तुला ठेवतील काय रे?"

"माहीत नाही."

त्यांनी खाली सही केली.

परतीच्या, के. आर. पुरमच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं, महिन्याभरात तीच फाईल मी आणखी दोन ठिकाणी टाकली होती, नुसतं नाव बघून. ती कॉपी करताना बिघडली की कुणी तीत काही घुसवलं, कुणास ठाऊक. पत्रकाच्या मागे दोन्ही ठिकाणांची नावं लिहिली आणि ऑफिसात पोचताच पत्रक थेट आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. "कायम करायचं ते नंतर बघू. ही दोन मशीनं?"

"उद्या सकाळी पहिल्या बसनं जातो, सर."