पाणी चुलत्याच्या रानात

भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन घरी आले तेव्हा आबांनी एकच विचारलं, "सरकारी नोकरी लागंल का?" लागेल असं मला वाटत नव्हतं, आणि तसंच मी सांगितलं. माझ्या शिक्षणापायी त्यांनी दावणीच्या म्हशी विकल्या होत्या. मी सोलापुरात एका खाजगी माणसाकडं बोअरच्या जागा शोधायच्या कंत्राटी कामाला लागले. पगार खोलीभाड्यात आणि खानावळीत संपायचा. आबा पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी दगडं मोजती." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा धाकटी बहीण बारावी झाली आणि तिनं तोच हट्ट धरला. आबांनी अट घातली. "आपल्या रानात पाणी दाव. दावलंस तर हिलाबी त्याच कालेजात घालतो. न्हाय तर येत्या लग्नसराईत उजवून टाकतो."

मी कामावरचं यंत्र मागून तेरजवळच्या आमच्या रानात आणलं. लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या, वायरी जोडायच्या आणि बॅटरीचा करंट सोडायचा. कोरडा पाषाण करंट अडवतो, ओला खडक जाऊ देतो. मी हातोड्यानं खुंट्या ठोकत होते, धाकटी वायरी ओढत होती. सगळ्या रानाखाली काळा, अखंड पाषाण. फक्त बांधाकडं, पलीकडच्या बाभळीच्या दिशेनं सरकलो तसा यंत्रावरचा अडथळ्याचा आकडा पडत गेला.

त्या बांधापलीकडं चुलत्यांचं रान. वाटणी झाली तेव्हा बांधावरून बैलगाडी जायची म्हणे. चुलते दरसाल नांगरताना आपल्या बाजूनं थोडा बांध कोरायचे. मग आबा शिव्या देत देत आपल्या बाजूची माती ओढून तो पुन्हा रुंद करायचे. असा तो बांध आबांच्याच हातानं आमच्या रानात सरकत आला. आबांच्या कपाळावरचा व्रण त्याच भांडणातला, चुलत्यांच्या खोऱ्याच्या दांड्याचा.

चुलते हातात काठी घेऊन बांधावर येऊन उभे राहिले. "काय गं, एवढी शिकलीस, घावलं का काय?" म्हणाले आणि हसले.

माझं डोकं फिरलं. "घावलं की. तुमच्या मागं, त्या बाभळीपाशी. तुमच्या रानात."

आबांनी माझ्या थोबाडीत मारली. कान बधिर झाला. "ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला? भावकीला पाणी दावायला?" ते ओरडले, आणि मग बाभळीकडं बघत राहिले. खोरं उचलून त्यांनी बांध ओलांडला. "बाभळ माझी हाय! वाटणीत बाभळ माझ्याकडं व्हती!"

त्यांनी घातलेला पहिला घाव चुलत्यांच्या कानाला लागला. चुलत्यांची काठी आबांच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. आबा खाली पडले तरी काठी थांबेना. डोक्यावर, पाठीवर, पुन्हा डोक्यावर. मी हातोडा घेऊन धावले. मी मारलाच असता. खडक कुठं ठोकला की फुटतो हे मला शिकवलेलं आहे, आणि त्या क्षणी चुलत्यांच्या डोक्याकडं मी तशाच नजरेनं बघत होते. धाकटी माझ्या दंडाला लोंबकळली म्हणून हात खाली आला नाही. चुलत्यांनी माझं तोंड बघितलं, काठी टाकली आणि कान दाबून निघून गेले.

धाराशिवच्या दवाखान्यात आबांच्या डोक्याला टाके पडले, हात प्लास्टरात गेला. आम्ही तिथं असतानाच चुलत्यांनी बोअरची गाडी बोलावली. मी दाखवलेल्या जागीच. गावातून फोन आला, पाणी बाभळीच्या शेंड्याच्या वर उडालं.

आबांना मीच सांगितलं. "म्हंजे तुजं शिक्षण खरं निघालं," ते म्हणाले. मला इतका राग आला की हसू फुटलं. एवढं ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि ते ऐकायला मिळालं असं.

"पर धाकटीला ते शिकवू नगं," ते पुढं म्हणाले. "जमिनीखाली काय हाय ते कळून काय उपेग? वरचं रान कुणाचं हाय, ते सांगणारं काय तरी शिकव. वकिली शिकव. मोजणी शिकव."

"मी दगडाचंच शिकणार," धाकटी म्हणाली.

आबांनी सवयीनं हात उगारला. तो नेमका प्लास्टरातला. कळ मस्तकात गेली असणार, कारण हात तसाच छातीवर पडला आणि ते रडायला लागले. धाकटी जागची हलली नव्हती.

"हिची फी मी भरीन," मी म्हटलं. माझ्या पगारात ते कसं बसणार, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं आणि आजही नीट ठाऊक नाही.

आबांनी भिंतीकडं तोंड केलं.

"भर," ते म्हणाले. "आन् बाभळीचं काय?"