मुकादम आणि पाण्यातली झाडं

चष्मेवाल्याच्या बायकोने तीस वर्षं रोपवाटिकेत काढली. मरायला टेकलेलं रोपही तिच्या हाती पडलं की तरारून उठायचं. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत माती कुठून आणणार? म्हणून तिने काचेची टाकी आणली, तळाला वाळू पसरली, पाण्यातली झाडं लावली आणि एक मासा सोडला. मासेवाल्या दुकानदाराने बजावलं होतं, "काकू, हा खोदणारा मासा. याच्या टाकीत झाड टिकायचं नाही."

"माझ्या हातचं टिकतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळी झाडं पाण्यावर तरंगत होती आणि मासा तोंडात वाळू भरभरून कोपऱ्यात ढीग रचत होता. तिने त्याचं नाव ठेवलं मुकादम.

"स्वतः राबणारा मुकादम मी पहिल्यांदाच बघतोय," चष्मेवाला म्हणाला.

मग दोघांची जुंपली. तिने लावायचं, त्याने उपटायचं. मुळांशी गोटे रचले, तर पठ्ठ्याने गोट्यांखालून भुयार काढलं. शेवटी तिने वाळूचा नादच सोडला. जाड पानांची झाडं निवडून दगडांना आणि लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्याने घट्ट बांधली. "खण आता, किती खणायचंय ते!" मुकादम खणत राहिला, झाडं जागची हलली नाहीत. दोन वर्षं टाकी हिरवीगार होती. ती समोर बसली की मुकादम काचेला नाक लावून उभा राहायचा.

आणि मग झाडं पुन्हा तरंगायला लागली.

"अगं बाई, हे कुणी केलं?" ती दरवेळी विचारायची.

"दुसरं कोण? तुझा लाडका," असं म्हणत चष्मेवाला दुकानातून आल्यावर झाडं पुन्हा बांधून द्यायचा. दोऱ्याची टोकं सरळ कापलेली असायची. लोकांच्या नजरेतला बारीकसारीक दोष हुडकणारा माणूस तो. त्याला ती टोकं दिसली नाहीत असं नाही. पण त्याने शिव्या माशालाच घातल्या. भाजीत दोनदा मीठ पडायचं, किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडायच्या, तेही त्याने वयावर ढकललं.

एकदा, एका पानापासून तिने वाढवलेलं सगळ्यात जुनं झाड चिंध्या होऊन पाण्यावर पसरलेलं दिसलं. ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. चष्मेवाल्याचं डोकं फिरलं. ती दुपारची झोपली असताना त्याने जाळीने मुकादमाला धरलं, बादलीत टाकलं आणि मासेवाल्या दुकानदाराला देऊन आला.

तिसऱ्या दिवशी तो दुपारी अवचित घरी आला. ती टाकीपाशी उभी होती. बाही दंडापर्यंत भिजलेली, हातात शिवणाची कात्री. फरशीवर पाणी, पाण्यात पानं.

"अगं, काय करतेस?"

"तण किती माजलंय बघा," मान वर न करता ती म्हणाली. "साहेब पाहणीला यायच्या आत उरकायला हवं."

चष्मेवाला दारातच चपला सोडून तिच्याजवळ गेला. तिने कात्री ठेवली, टाकीचे चारही कोपरे न्याहाळले आणि गोंधळून विचारलं, "अहो, मुकादम कुठाय?"

तो तसाच अनवाणी माशांच्या दुकानाकडे धावला. दुकानदार म्हणाला, "कालच गेला, काका. कोण घेऊन गेलं, ते मी विचारलं नाही." तसाच दिसणारा दुसरा मासा घेऊन तो परतला. ती क्षणभर बघत राहिली.

"हा आपला नाही," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. चष्मेवाल्याला त्यापेक्षा एवढंच हवं होतं, की कुणीतरी त्या माशाचा पत्ता सांगावा. आठवडाभर ती मुकादमाबद्दल विचारत होती. नंतर तेही थांबलं, आणि ते थांबलं तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन रडला.

आता तो दुकान फक्त सकाळी उघडतो. संध्याकाळी झाडं बांधतो, दुपारी ती सोडवते. शेजारीण म्हणाली, "भाऊ, रिकामी करून टाका की ती टाकी." तो म्हणाला, "मग तिने कामावर कुठे जायचं?"

पंचेचाळीस वर्षं ती त्याला 'अहो' म्हणायची. परवा तो झाड बांधत असताना शेजारी येऊन उभी राहिली. "दादा, गाठ सैल ठेवा, देठ कापला जातो," ती म्हणाली. मग आपुलकीने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

त्याचा हात पाण्यातच राहिला. "बायको असते."

"तिला आवडतात का झाडं?"

"फार."

"मग आणा की तिला एकदा इकडे."

"आणतो," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने गाठ सैल केली.