भेगेवरची काच
आज पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये टाइल्सच्या फटी भरताना ओल्या पांढऱ्या सिमेंटचा वास आला आणि एग्मोरचं आमचं जुनं घर आठवलं. माझा साखरपुडा घरातच करायचा म्हणून अप्पांनी हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडायला काढली. म्हातारा मेस्त्री भिंतीवर बोटं वाजवून म्हणाला, “वेण्डाम सार, पाडू नका, वरचा मजला हीच पेलतेय.” अप्पांनी “नुसती पडदी आहे ती,” म्हणत दुसऱ्या गवंड्याकडून ती पाडून घेतली. आठवड्याभरात तिथेच छताला लांब भेग पडली. आईने मेस्त्रीला परत बोलावलं. त्याने भेगेवर काचेची पट्टी पांढऱ्या सिमेंटने आडवी चिकटवली आणि बजावलं, “घर हललं तर काच फुटेल. मग सामान आवरत बसू नका, आधी माणसं बाहेर काढा.” वर अंथरुणाला खिळलेले काका होते. आम्ही जेवतानाही मान वर करून बघायचो. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी उठले तर हॉलभर हाच वास. काच अखंड होती, पण भोवतीचं सिमेंट ओलं होतं. “बघ, काही झालेलं नाही,” अप्पा म्हणाले. त्यांच्या नखांत पांढरं भरलं होतं. मी झाडू घेऊन हॉल झाडायला लागले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. दुपारी काच बघायला आलेल्या मेस्त्रीने आधी छताकडे पाहिलं, मग अप्पांच्या हातांकडे, आणि जिना चढून तो काकांना पाठुंगळी घेऊन खाली आला. आम्ही सगळे फाटकापाशी पोचलो, तेव्हा आत दुसरी काच तडकल्याचा बारीक आवाज झाला. अप्पांना मी कधीच काही विचारलं नाही. आणि तुला सकाळीच कळलं होतं ना, असं त्यांनीही मला विचारलं नाही.