म्हातारा गेला

चाकणची पहिली शिफ्ट सुटली की मी कंपनीच्या बसमध्ये खिडकी पकडते, चपला काढते आणि मोबाईल उघडते. त्या दिवशी आमच्या गेमच्या ग्रुपवर एकच ओळ आली होती, ‘म्हातारा गेला.’ मी लगेच टाकलं, ‘मग उठवा की! बसलात काय तोंड बघत?’

आमच्या गेममध्ये ‘गेला’ म्हणजे गोळी लागून आडवा झाला. जवळ जाऊन बटण दाबून धरलं की तो परत उभा राहतो, त्याला आम्ही ‘उठवणं’ म्हणतो. एका डावात आम्ही कितीदा जातो आणि कितीदा उठतो, त्याला काही सुमार नाही. त्यामुळे ग्रुपवर सगळ्यांनी तसंच काहीबाही लिहिलं होतं. कोणी ‘थांब, आलो’, कोणी ‘मरू दे, माझ्या गोळ्या संपल्यात’. तेवढ्यात आमच्या टीममधल्या पिंपरीच्या गॅरेजवाल्यानं लिहिलं, ‘अरे येड्यांनो, खरा गेला. म्हाताऱ्याला आवाज देणारा माणूस. हार्ट अटॅक.’

‘उठवा की’ हे माझं वाक्य तिथंच वर दिसत होतं, ते पुसायचंही सुचेना. बस तळवड्याच्या गर्दीत अडकली होती. शेजारची शेंगदाणे खात होती, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “अगं बाई, घरचं कोणी गेलं का?” मी “नाही” म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. आता हिला मी काय डोंबल सांगणार? मोबाईलमधला वॉचमन वारला म्हणून?

हो, वॉचमनच. गेममध्ये किल्ल्याच्या दारावर एक म्हातारा पहारेकरी आहे. तुम्ही पडलात आणि कोणी उठवायला आलं, की त्याचा आवाज येतो, “काय करलालास खाली पडून? ऊठ लेकरा, मी हाव ना.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी फोडणीला टाकायची थांबले होते. करलालास, म्हणजे करतोयस! अहो, ही आमच्या लातूरकडची बोली. लग्न होऊन आकुर्डीला आले तेव्हा कंपनीत, कामाच्या लाईनवर, मी सहज एकीला “काय करलालीस?” विचारलं, तर अख्खी लाईन आठवडाभर मला करलाली म्हणून हाक मारत होती. तेव्हापासून मी कंपनीत तोंड सांभाळून, शुद्ध, अगदी धुऊन काढल्यासारखं बोलते. आणि हा बाबा गेममध्ये राजरोस आमच्यासारखा बोलत होता! नवरा म्हणायचा, “तू मुद्दाम पडतेस, त्याचं ऐकायला.” खोटं कशाला बोलू, पडायचेच.

घरी आल्यावर ग्रुपवर त्या माणसाचा फोटो पाहिला आणि दुसरा धक्का बसला. मी मनात पांढऱ्या मिशा, मुंडासं, हातात काठी असं काहीतरी धरून बसले होते. फोटोत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, हसरा, काळ्याभोर केसांचा माणूस. माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा असेल. हा मला लेकरा म्हणत होता? आणि हा गेला? मी फोटो नवऱ्याला दाखवला. तो एरवी माझी चेष्टा करतो, त्या दिवशी चहा करायला उठला.

गुरुवारी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी. दुपारी सगळ्यांनी गेममध्ये जमायचं ठरलं. बंदुका खाली ठेवायच्या, किल्ल्यातल्या पाण्याच्या उंच टाकीवर चढायचं, एकेकानं उडी मारून आडवं व्हायचं आणि एकमेकांना उठवायचं. म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज येईल, प्रत्येकासाठी एकदा. कल्पना मारुंजीच्या पोराची, तो आमच्या टीमचा तिसरा, कॉम्प्युटरवाला.

इथं माझी एक गोष्ट सांगायला हवी. हे दोघं मला ‘भावा’ म्हणतात. माझा माईक खराब आहे असं मी त्यांना सांगून ठेवलंय. आधीच्या टीममध्ये मी एकदाच बोलले, तर बाईचा आवाज ऐकून मेल्यांनी खेळायचं सोडून फोटो मागायला सुरुवात केली. एकानं तर कुठं राहतेस म्हणून पिच्छाच पुरवला. ती टीम सोडावी लागली. ही टीम मला प्यारी आहे. माझा आवाज ऐकला तर हीसुद्धा हातची जाणार, ही धास्ती कायम.

तर गुरुवारी टाकीवर ही झुंबड. अनोळखी माणसं, सगळी निःशस्त्र, कोणी गुडघ्यावर बसलेली. गॅरेजवाला म्हणाला, “मी पहिला, राव. लय वेळा उठवलंय त्यानं मला.” त्यानं उडी मारली. मी खाली होते. धावत गेले, बटण दाबून धरलं.

काहीच नाही.

आवाजच आला नाही. सकाळी गेमचा अपडेट आला होता, त्यात म्हाताऱ्याचा आवाज काढून टाकला होता. कुणाला पत्ताच नव्हता! माझं बोट घसरलं, गॅरेजवाला तसाच पडून. तो माईकवर नुसता म्हणत होता, “आवाज का येत नाही? भावा, आवाज का येत नाही?” मला ते ऐकवेना. रागच आला मला, त्या अपडेटचा, त्या हार्ट अटॅकचा, सगळ्याचाच. नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि माईक चालू केला.

“काय करलालास खाली पडून?” मी म्हणाले. “ऊठ लेकरा, मी हाव ना.”

झालं, म्हटलं, संपली टीम. मी माईक बंद करणार, तेवढ्यात नाक ओढल्याचा आवाज आला.

“ताई,” गॅरेजवाला म्हणाला, “मी अजून खालीच आहे. परत म्हणा ना.”

मी परत म्हणाले आणि बटण दाबून धरलं. तो उभा राहिला. वर मारुंजीचं पोर टाकीच्या कडेला येऊन थांबलं होतं. “ताई, मी उडी मारतोय,” ते म्हणालं. “तुम्ही आहात ना खाली?”