यंत्रात मी अडखळले नाही

"नाव सांगा," डॉक्टर म्हणाले.

समोर सात-आठ विद्यार्थी. कोपऱ्यात कॅमेरा चालू. नेमकं नावच माझ्या तोंडून निघत नाही. ओठ मिटले ते उघडेचनात. मान हिसके देऊ लागली.

"जबडा बघा, जबडा," डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले. एक मुलगी तोंडावर हात धरून हसली. मी चाळिशीची बाई, चेन्नईत नुंगंबाक्कमच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट. तिथे मी नुसता जबडा होते.

दोन हजार पाच-सहा साल असेल. बोलताना अडखळणाऱ्यांच्या मेंदूत काय होतं, यावर या डॉक्टरांचं संशोधन चाललं होतं. वेस्ट मांबलमला आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांच्या बायकोने मला हेरलं. चेन्नईत कुणी मराठी बोललं की आम्ही लगेच विरघळतो. आपली माणसं म्हणून मी गेले. तिथेच फसले.

मग मला मेंदूच्या एमआरआय स्कॅनरच्या बोगद्यात सरकवलं. डोकं पट्ट्यांनी आवळलेलं, हातात रबरी फुगा. त्रास झाला तर दाबायचा. डोळ्यांवर लावलेल्या आरशात शब्द दिसतील ते मोठ्याने वाचायचे. यंत्र धडधडू लागलं, घण घातल्यासारखं. माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि जीभ सुटली! एकही शब्द अडला नाही. जन्मात पहिल्यांदा. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं.

धडधड थांबली. स्पीकरमधून डॉक्टर खेकसले, "अहो, नीट काय बोलताय? अडखळा ना! नाहीतर तुमचा मला उपयोग काय?"

शाळेत पाढा अडला म्हणून बाकावर उभी राहिले. कचेरीत साहेबाने वीस वर्षं फोनला हात लावू दिला नाही. आता नीट बोलले तरी गुन्हाच? डोकं सणकलं. फुगा दाबला. दाबतच राहिले.

बाहेर काढल्यावर म्हटलं, "मा... मा... मा..."

"मान दुखतेय? होतं असं," डॉक्टर म्हणाले.

"ना... नाही. थां... थांबा. मी बोलतेय."

मिनिटभर लागलं असेल. कुणी हसलं नाही.

"मा... माझी टेप पु... पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

"परिषदेत दाखवायची होती हो. तुमच्यासारख्यांच्याच भल्यासाठी."

सुरुवातीला माझी सही घेतलेला संमतीचा कागद मी पुढे केला. केव्हाही माघार घेता येईल, असं त्यांनीच त्यावर छापलं होतं. टेप पुसली. तोंड वाकडं करून, पण पुसली.

शोधा, मेंदूत काय आहे ते जरूर शोधा. माझा तमाशा करून नाही. माझं वाक्य मीच पुरं करणार, कितीही वेळ लागो. घाई असेल त्याने उठून जावं.