मास्तरच्या गाण्यात ढोलकी नव्हती

मी अक्षरं शिकलो ती पाटीवर नाही, पत्रकांवर. बाबा सभेला किंवा मोर्चाला गेले की परत येताना पिशवीत पत्रकं आणत. गुलाबी, पिवळी, हिरवी. ती आमच्या कुडाच्या भिंतीला चिकटवलेली असत आणि जेवताना मी ती मोठ्यानं वाचत असे. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की मला दोनच प्रश्न पडत. तिचा जाहीर निषेध करायचा, की तिला जाहीर पाठिंबा द्यायचा? मास्तरच्या गाण्याचा मी निषेध केला. त्या निषेधाचं काय झालं ते सांगतो, पण आधी हेही सांगतो की माझा राग अजून गेलेला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. तो आमच्या भागातल्या गायन पार्टीचा मुख्य गायक. पार्टीत पाच माणसं होती. पुढे मास्तर, शेजारी पेटीवाला, मागे खंजिरी वाजवणारा आणि कोरस धरणारा, आणि डाव्या अंगाला ढोलकी घेऊन माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. आमचं गाव अनसिंगच्या बाजूचं. मामाचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. जयंतीला ही पार्टी आली की पार किन्हीराजाहून पोरं यायची, सायकलवर डबलसीट. मास्तरची गाणी म्हणजे आसूड. पाणवठ्यावरून हाकललेली माणसं, देवळाबाहेर उभी केलेली माणसं, सगळी त्या गाण्यांत ताठ उभी राहायची. आणि मामाची थाप पडली की मांडवातल्या म्हाताऱ्यांच्याही माना ताठ व्हायच्या. पत्रकं मला बाबांनी दिली. ती मोठ्यानं का वाचायची असतात, ते मामाच्या ढोलकीनं शिकवलं.

मग दुष्काळ आला. आमच्या मोहल्ल्यातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. माझी आजी, म्हणजे मामाची आई, तीही गेली. घरी बस म्हटलं तर म्हणायची, "बसून कोनतं पोट भरते?" एका दुपारी खडीच्या ढिगाजवळच ती आडवी झाली ती उठली नाही. ऊन लागलं म्हणाले. मुकादमानं त्या दिवशीची तिची अर्धीच हजेरी मांडली.

हे मास्तरनं डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण तोही त्याच कामावर होता. दोन-तीन वर्षांनी त्याला मुंबईला रेकॉर्डसाठी बोलावणं आलं, तेव्हा त्यानं एका बाजूला आमचं जुनं, ढोलकीचं गाणं भरलं आणि दुसऱ्या बाजूला आजीचं गाणं.

ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं एका लग्नात. भोंगेवाल्यानं रेकॉर्ड लावली. आधी बराच वेळ नुसती व्हायोलिनं. एक-दोन नव्हे, थवाच्या थवा. मग बासरी. मग मास्तरचा आवाज, पण हळू, इतका हळू की आम्हाला वाटलं मशीनची गती बिघडली.

"अबे, चावी दे त्याले, चावी दे!" एक पोरगा भोंगेवाल्यावर ओरडला.

"मशीन बरोबर हाय. तुमचा मास्तरच थकला दिसते," भोंगेवाला म्हणाला.

गाणं पुढे सरकलं. आई उन्हात खडी फोडते, तिचं लेकरू झाडाखाली पुस्तक घेऊन बसलं आहे, आणि ती त्याला हाक मारायला तोंड उघडते पण हाक निघत नाही. बस, एवढंच गाणं. ढोलकी शेवटपर्यंत आलीच नाही. मी वाट पाहत होतो. आता येईल, दुसऱ्या कडव्यानंतर येईल, शेवटी तरी येईल. नाही. व्हायोलिनं वर चढली, खाली उतरली आणि संपली.

बायकांच्या बाजूला माझी आई पुऱ्या लाटता लाटता थांबली होती. "पुना लाव रे," ती भोंगेवाल्याला म्हणाली. त्यानं पुन्हा लावली. त्या लग्नात ती रेकॉर्ड सहा वेळा वाजली आणि सहाही वेळा भांडण झालं.

"हे का गानं हाय? हे तं सिनेमातलं झोपवाचं गानं हाय," किन्हीराजाचा एक जण म्हणाला. "हे आयकून बैल बी जू टाकून बसन."

"तुले रडू आलं नाई म्हनून सांग ना," त्याच्याच मेव्हण्यानं त्याला डिवचलं. "सासरवाडीत रडाची लाज वाटते का?"

गावचे गुरुजी होते. शिकून नोकरीला लागलेले आमच्यातले पहिले, गावात ट्रान्झिस्टर आणला तोही त्यांनीच. ते चष्मा पुसत म्हणाले, "पोरांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. इतके वर्स त्यांच्या गान्यामागं आपन टाळ्या वाजवल्या. आज कोटवाले लोक आपल्या मानसाच्या गान्यामागं व्हायोलिन वाजवून राह्यले. मास्तर थांबला की ते थांबतात. हे लहान काम हाय का?"

"गुरुजी, मंग ढोलकी कुठी गेली?" मी विचारलं.

उत्तर माझ्याजवळच तयार होतं. भोंगेवाल्यानं रेकॉर्डचं पाकीट दाखवलं. त्यावर मास्तरचं नाव मोठं, व्हायोलिनं बसवणाऱ्याचं नाव त्याखाली, आणि मामाचं नाव कुठेच नाही. त्यात कुणीतरी सांगितलं की हे गाणं भरताना मामा दोन तास बाहेर बाकावर बसून होता. दाराच्या आत व्हायोलिनं, दाराबाहेर ढोलकी! माझं डोकंच भडकलं. दाराबाहेर बसवणं काय असतं, ते आम्हाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि आजीच्या मरणावर काय निघायला हवं होतं? मोर्चा. त्या मुकादमाच्या दारावर मोर्चा. त्याऐवजी निघाली बासरी.

त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी शांत डोक्यानं मी पत्रक लिहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण रागात लिहिलं अशी सबब मला करायची नाही. वाशीमला एका छापखान्यात खिळे जुळवणारा माझा कॉलेजातला मित्र होता. त्यानं उरलेल्या गुलाबी कागदावर ते छापून दिलं. मथळा होता, 'ढोलकी दाराबाहेर का?' खाली लिहिलं होतं की मास्तरनं चळवळीचं गाणं विकलं, आपल्या ढोलकीवाल्याला परक्यांच्या दाराबाहेर बसवलं, आता तो शहरातल्यासारखा ऑर्केस्ट्रा काढणार आणि जुन्या माणसाला काढून टाकणार. ढोलकीवाल्याला त्याची जागा मिळेपर्यंत या पार्टीला जयंतीला बोलावू नका. एका ओळीचा मला फार अभिमान वाटत होता: 'ढोलकीवाला बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो.'

बाजाराच्या दिवशी अनसिंगला मी स्वतः पत्रकं वाटली. लोकांनी हातोहात नेली. परत येताना मला वाटत होतं, आज मामासाठी काहीतरी केलं.

मामा अंगणात ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं, उभा राहून, सभेत वाचतात तसं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"कोनं सांगतलं तुले, मले बाहेर बसवलं?"

"सगळेच सांगून राह्यले."

"मले नाई इचारलं?"

मी पत्रकाची घडी घालायला लागलो.

"मीच बसलो बाहेर," मामा म्हणाला. "तो व्हायोलिन बसवनारा मुंबईवाला तं म्हने, हलकी थाप दे. मीच नाई म्हनलं. मास्तरले सांगतलं, माह्या मायच्या गान्यात ढोलकी नाई वाजन."

मला एकदम आठवलं. आमच्याकडे ढोलकीवाल्याच्या घरी मयत झाली की तो कड्या सरकवून दोऱ्या सैल करतो आणि ढोलकी उपडी टांगून ठेवतो. आजी गेली तेव्हा मामानं तेच केलं होतं. तेव्हा ती दोऱ्या सैल झालेली ढोलकी मी महिनाभर भिंतीवर पाहिली होती. आणि तरी मला गाण्यात तिची थाप हवी होती. ज्याची माय मेली त्याच्या हातून.

"मंग ते व्हायोलिनं?" मी तरी सोडलं नाही. "ते तू सांगतले होते?"

"ते नाई," मामा म्हणाला. "मी म्हनलो होतो, तिथी काहीच वाजवू नका. मुगाट्यानं राहू द्या. पन त्याहिले रिकामी जागा सोसत नाई." मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाला, "तुले बी नाई सोसत, भाशा."

पत्रक मास्तरपर्यंत पोचायला चार दिवस लागले. मास्तरला वाटलं, हे मामानंच लिहवून घेतलं. भाचा लिहितो, मामा सांगतो, दुसरं काय असणार? पेटीवाला निरोप घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"मास्तर म्हंते, नागपूरच्या कार्यक्रमाले येऊ नोको. जयंतीले बी नोको. म्हंते, तुह्या भाशानं लिवलंच हाय ना, जुन्या मानसाले काढनार म्हनून. तं घे म्हना काढलं."

मी तिथल्या तिथे ओरडायला सुरुवात केली. मामानं मला हातानं गप्प केलं आणि पेटीवाल्याला विचारलं, "च्या घेतं का?"

वीस वर्षांची जागा गेली. मी मास्तरकडे जाऊन सांगितलं की मामाचा यात काही संबंध नाही, शब्द न् शब्द माझा आहे. त्यानं ऐकलंही असेल. पण पार्टीत तोवर अकोल्याचा एक पोरगा बोंगो घेऊन आला होता आणि एक अकॉर्डियनवाला. म्हणजे मी पत्रकात जे लिहिलं होतं ते खरं झालं, आणि ते माझ्या लिहिण्यामुळे खरं झालं. यात मास्तरचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं ज्याच्या थापेवर पाय टाकला त्याला एकदा समोर बसवून विचारायला काय झालं होतं? पण हे वाक्य मी लिहितो आणि तोच प्रश्न मला उलटून विचारावा लागतो.

जयंती जवळ आली. पार्टी बोलवायची की नाही, यावर विहारात बैठक बसली. आम्ही पोरं म्हणालो, नाही. बायकांनी एकच धरलं: ते गाणं पाहिजे. माझी आई, जी बैठकीत कधी तोंड उघडत नसे, ती उठून म्हणाली, "माह्या मायचं गानं हाय. तुमच्या कागदासाठी मी कायले सोडू?"

"अवो बाई, त्यात ढोलकी नाई, तुह्याच भावाची!" एक जण म्हणाला.

"व्हायोलिन हाय ना. मले आवडते व्हायोलिन. मी त्या दिवसी रडलीच नाई, हजेरीची लाइन सुटन म्हनून. ते माह्यासाठी रडते."

पार्टी आली. जयंतीच्या दिवशी ऊन कलल्यावर मांडव भरला. मामा स्टेजवर नाही, लोकांत बसलेला. आम्ही पोरांनी ठरवून ठेवलं होतं: आजीचं गाणं सुरू झालं की सगळ्यांनी उठून चालतं व्हायचं. अकॉर्डियन सुरू झाला, मी उठायला गुडघे टेकले आणि मामानं माझं मनगट धरलं.

"बस."

"मामा, हे लोक—"

"माह्या मायचं गानं चालू हाय. तू उठून जाशीन?"

मी बसलो. माझं पाहून पोरंही बसली. बोंगोवाला पोरगा मास्तरच्या आवाजाखाली सारखी टकटक टकटक करत होता, आणि आई हाक मारायला तोंड उघडते त्या ठिकाणी तर त्यानं एक लांबलचक तुकडाच वाजवून घेतला. मास्तर दुसऱ्या कडव्यात चुकला. मी खूश झालो, हे कबूल करतो.

गाणं संपलं, चहाची सुटी झाली. मामा उठला आणि सरळ स्टेजकडे गेला. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी. मी मागोमाग गेलो. मास्तर त्याला पाहून उभा राहिला, पण नजर वर करेना.

"दुसऱ्या कडव्यात घाई झाली," मामा म्हणाला.

"हे पोट्टं थांबतच नाई," मास्तर हळूच म्हणाला. "त्याले किती सांगतलं."

"सांगून नाई समजत ते." मामा बोंगोवाल्याजवळ खाली बसला. "आन इकडं हात. हे पाह्य, मायनं तोंड उघडलं ना, का हात असे मांडीवर ठेवाचे. उपडे. आन हाक नाई निघाली हे लोकाहिले समजेपर्यंत उचलाचे नाई. किती बी खाज सुटली तरी."

त्या पोराचे दोन्ही हात त्यानं स्वतःच्या हातांनी त्याच्या मांडीवर उपडे दाबून धरले. मास्तरनं त्या चार ओळी गुणगुणल्या. पोरगा हलला नाही.

"व्हय," मामा म्हणाला आणि खाली उतरला.

मास्तरनं त्याला बोलावलं नाही. मामानं मागितलं नाही. सुटी संपल्यावर बायकांनी चिठ्ठी पाठवून तेच गाणं पुन्हा मागितलं, आणि या वेळी त्या जागी पोराचे हात मांडीवर होते. अकॉर्डियनवाल्यानंही भाता आवळून धरला. आमच्या मांडवात एवढी माणसं आणि एक आवाज नाही. मग कुठेतरी एक लेकरू रडलं, आणि मास्तर पुढे गायला लागला.

आईला विचारलं तर ती म्हणाली, चांगलं होतं, पण रेकॉर्डवरचं बरं. गुरुजीही तेच म्हणतात. किन्हीराजाची पोरं अजून म्हणतात, ढोलकीशिवाय मास्तर म्हणजे मिठाशिवाय पिठलं. रेडिओवर कधीमधी व्हायोलिनवालं लागतं आणि मी अजूनही उठून बाहेर जातो.

मामा आता लग्नात आणि विहारात वाजवतो, कुणी बोलावलं तर. माझ्या खाटेखाली उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी तो जाळायला काढला तर त्यानं मागून घेतला. गुलाबी कागद जाड होता. त्यानं त्याच्या घड्या घालून ढोलकी ठेवायच्या पेटीत तळाला अंथरल्या, ओल लागू नये म्हणून.