लाल ठिपक्याचे डबे

मला हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगीच आडवळणं घ्यायला नकोत. एका बाईचा हेवा, आणि तोही कशावरून, तर डब्यातून परत येणाऱ्या कढीपत्त्यावरून. दागिन्यांवरून असता तर चारचौघींत सांगायला तरी बरा दिसला असता.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत तालमीला लागून एक लांबट खोली आहे. महापुराच्या वर्षी तिथं आम्ही चार बायकांनी पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा केलं. पूर ओसरला, लोक आपापल्या घरी गेले, पण शनिवारी दाराशी येणाऱ्या बाया काही थांबल्या नाहीत. मग आम्हीही थांबलो नाही. दर शनिवारी सकाळी दहा ते एक खोली उघडी. ज्याच्या घरी चूल पेटायची अडचण आहे त्यानं यावं, पीठ, डाळ, तांदूळ, तेल न्यावं, कुठलाही कागद आम्ही विचारत नाही. पेठेतले दुकानदार आणि ओळखीची घरं माल देतात, आम्ही वाटतो. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेली बाई, त्यामुळं शिस्त लावायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. मी ते आवडीनं केलं, हेही खरं.

डब्यांची पद्धत माझीच. आधी पिशव्या द्यायचो तर त्या फाटायच्या, निम्मी डाळ बसस्टॉपवर सांडायची. मी घरोघरी फिरून जुने स्टीलचे डबे मागून आणले. भरलेला डबा न्यायचा, पुढच्या शनिवारी रिकामा आणायचा आणि दुसरा भरलेला घेऊन जायचा. डबे ओळखू यावेत म्हणून झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

आणि एक नियम केला, की आम्ही कुणाकडून काही घेणार नाही. झालं असं, की पहिल्याच महिन्यात एक बाई डब्यात मूठभर शेंगा घालून आली. शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत, हे मला काय माहीत नाही? माझ्या आईनं चिमूटभर साखर तरी टाकल्याशिवाय कधी कुणाची वाटी परत धाडली नाही. पण मी म्हटलं, ज्यांच्या घरात मुळातच नाही त्यांनी परतफेड कसली करायची! शेंगा तिच्या पदरात परत घातल्या आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "इथून फक्त न्यायचं. आणायचं काही नाही." ती बाई कसंनुसं हसली. मला मात्र त्या दिवशी घरी जाताना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

मग गर्दी वाढली, एका टेबलानं भागेना, आणि दुसऱ्या टेबलावर ती आली. शिरोळकडच्या शेतकरी जैन घरातली, माझ्याच वयाची, मुलाकडं कोल्हापुरात राहायला आलेली. तिच्या डब्यांना निळा ठिपका. महिन्याभरात सगळी रांग तिला अक्का म्हणायला लागली. मी तिथं पाच वर्षं उभी, मी अजून 'म्याडम'. अहो, अक्का म्हणायला काही अर्ज करावा लागतो का? पण नाही. मी म्याडमच.

खरी आग लागली ती डब्यांवरून. माझे डबे परत यायचे ते घासूनपुसून, लख्ख, रिकामे. तिचे डबे यायचे त्यात कढीपत्ता, दोन लिंबं, एखादी शेवग्याची शेंग, कधी पेरूची फोड मीठ लावून. आणि ती घ्यायची! नुसती घ्यायची नाही, तर वास घेऊन, "अगंबाई, कुठल्या झाडाचा गं हा?" म्हणून पाच मिनिटं गप्पा. मागं रांग खोळंबलेली. मी शेजारून धुमसत डाळ मोजायची. बायका तिच्या टेबलाशी हसायच्या आणि माझ्याकडं आल्या की पदर सावरून गप्प व्हायच्या.

त्यातही कळंब्याची आजी. ही पहिल्या दिवसापासून माझ्या रांगेतली, पहिला नंबर तिचा. आयुष्यभर कार्यालयांत लग्नाची भांडी घासली, आता गुडघे गेले, घरी एकटी. मी तिच्या डब्यात तांदूळ जरा दाबून भरायची, तिला कळू न देता. तर ही आजी एका शनिवारी सरळ निळ्या टेबलाच्या रांगेत! मी म्हटलं, "आजी, इकडं या की, मोकळं आहे." तर म्हणते कशी, "न्हाय, हितंच बरं हाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढं आजी अक्काला खर्डा आणायला लागली. हिरव्या मिरचीचा, भरपूर लसूण घातलेला, लोखंडी तव्यावर रगडलेला. झाकण काढलं की खोलीभर वास. अक्का म्हणायची, "आजी, झक्कास!" मला एकदा राहवेना. मी विचारलं, "तुम्ही लसूण खाता?"

"नाही हो. आमच्या घरात कांदा-लसूण काहीच नाही."

"मग खर्ड्याचं काय करता?"

"शेजारच्यांना देते. आजीला कशाला सांगायचं? एवढा गुडघा दुखत असताना करून आणती."

मी मनात म्हटलं, बघा, अशी ही खोटारडी! गोडगोड बोलून माणसं ओढायची. माझं तसं नाही. मी एक घाव दोन तुकडे करणारी, जे असेल ते तोंडावर सांगणारी.

पुढच्याच शनिवारी मी फळ्यावर खडूनं लिहिलं: डबे रिकामे व धुऊन आणावेत. सोबत काहीही आणू नये. दोन्ही टेबलांना लागू. अक्कानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मुंग्या होताहेत. त्या खोलीत एक मुंगी दिसली असेल तर शपथ. अक्का फळ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्यानंतर निळे डबेही रिकामे यायला लागले. एक-दोन शनिवार मी खूश होते, लपवत नाही. मग ध्यानात आलं, की रांगच आखूड झाली आहे. काही बाया येईनाशा झाल्या, आणि कळंब्याची आजी तर तीन शनिवार झाले तरी दिसली नव्हती. तिसऱ्या शनिवारी अक्का तिचा भरलेला डबा बाजूला काढून ठेवत म्हणाली, "एकटी म्हातारी, खात काय असंल? मी जाऊन बघून येते."

"तुम्ही कशाला? मी जाते," मी म्हटलं. माया दाटून आली म्हणून नाही. अक्का गेली तर आजी कायमची तिची झाली असती, म्हणून. डबा मी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

कळंब्यात तलावाच्या अलीकडं, विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याची एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, जमीन सारवलेली. आजी दारातच बसली होती. मला बघून उठायला गेली, मी बसवलं आणि भरलेला डबा पुढ्यात ठेवला. तिनं पोतं अंथरलं, "बसा" म्हणाली. चहाचं विचारलंच नाही. कोल्हापुरात नुसती वाट विचारायला थांबलेल्यालाही "च्या घिऊन जावा की पावणं" म्हणतात हो! पाच वर्षं मी हिचे डबे भरले होते. मला ते लागलं.

"आजी, तीन शनिवार झाले, आला नाहीत."

"गुडघं दुकत्यात."

"गुडघे आधीही दुखत होते. खरं सांगा."

आजीनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मोकळा डबा मांडीवर घिऊन बसमधी बसाया नको वाटतंय. डब्यात कायतरी असलं की वाटायचं, कुणाच्यात तरी पावणी चाललीया. आता मागाय चाललीया असं वाटतंय."

"अहो, पण तुमच्यावर भार नको, तुमच्या भल्यासाठीच तो नियम..."

"आमच्या भल्यासाठी न्हवं." आजीनं आवाज चढवला नाही. "तुमास्नी आमच्या हातचं चालत न्हाय. त्ये काय कळत न्हाय व्हय आमाला? त्या बाईच्या शेंगा बी माघारी दिलासा. शेंगंला कसला आलाय इटाळ?"

जातीपातीचं माझ्या मनातही नव्हतं, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. पण सांगणार कुणाला? पाच वर्षं त्या रांगेत माझ्या नियमाचा हा अर्थ फिरत होता, आणि तो मला सोडून सगळ्यांना ठाऊक होता. मी शेंगा परत केल्या तेव्हा त्या बाईला का विचारलं नाही, का हसली म्हणून? एकदा तरी कुणाच्या घरी जाऊन पाणी मागितलं होतं का मी? नव्हतं. आणि एवढं ऐकूनही, लाज वाटते सांगायला, माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल, तर हे सगळं कुणी न शिकवता अक्कानं कसं ओळखलं?

मी म्हटलं, "आजी, फळा पुसून टाकते. शनिवारी काय आणायचं ते आणा. माझ्या टेबलावर आणा."

"बगू," आजी म्हणाली. मी उठले तशी तीही भिंतीला धरून उठली. चुलीजवळच्या टोपलीतून दोन भाकरी काढल्या, कोपऱ्यातला निळ्या ठिपक्याचा डबा घेतला, त्यात वाटीभर खर्डा घातला, वर भाकरी दुमडून ठेवल्या. "एवढं अक्कास्नी द्या. त्यास्नी माजा खर्डा लई आवडतोय."

"आणि मला?" तोंडातून निघूनच गेलं.

आजी खळखळून हसली. "तुमी कुटलं खातासा!" तिला वाटलं, मी चेष्टा केली.

तो डबा घेऊन मी कळंबा तलावाच्या कट्ट्यावर येऊन बसले. बस यायला वेळ होता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. नुसतं बघावं म्हणून झाकण उघडलं. मग म्हटलं, अक्का लसूण खातच नाही, म्हणजे हे शेजारीच जाणार. शेजारी जाण्यापेक्षा मी खाल्लं तर बिघडलं काय? अशी सगळी वकिली करून मी एक घास तोडला. खर्डा इतका जहाल होता की नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं, आणि मी खातच होते. दोन्ही भाकरी संपवल्या. शेवटी डबा बोटानं पुसून चाटला. येणारीजाणारी माणसं बघत होती, बघू देत म्हटलं. घरी येऊन डबा घासून पालथा घातला. अक्काला काही बोलले नाही. तिनं फोन करून विचारलं, आजी कशी आहे, तर "बरी आहे, येईल" एवढंच सांगितलं.

शनिवारी सकाळी सगळ्यांत आधी जाऊन मी फळा पुसला. साडेदहाच्या सुमारास आजी आली, हातातल्या डब्यात चार लिंबं. मी टेबल पुसून, समोरची जागा मोकळी करून उभी. आजीनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली, आणि अक्काच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

नंबर लागला तशी आजीनं लिंबं काढून ठेवली आणि मोठ्यानं विचारलं, "अक्का, म्याडमच्या हातनं खर्डा दिलता. पोचला न्हवं?"

माझ्या हातातलं माप तांदळात तसंच राहिलं. अक्कानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं ते देव जाणे. क्षणभरच. मग ती आजीकडं वळली.

"पोचला की! आजी, कसला झणझणीत केला होता! दोन दिवस पुरवून पुरवून खाल्ला."

आजीचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. लंगडत लंगडत दारापर्यंत गेली, तिथूनही वळून अक्काला हात केला.

एक वाजता खोली रिकामी झाली. मी डबे रचत होते. अक्का जवळ आली, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "भाकरी होत्या का बरोबर?"

"दोन."

"कसल्या?"

"ज्वारीच्या."

"बरं झालं विचारलं. आजी पुढच्या खेपेला विषय काढंल, तेव्हा घोटाळा नको." आणि ती झाडू घेऊन खोली झाडायला लागली. टोमणा नाही, हसणं नाही, काही नाही.

आजवर मला तिचा कधी वाटला नसेल एवढा हेवा तेव्हा वाटला. लिंबांचा नाही, आजीचाही नाही. तिच्या जागी मी असते, तर टेबलावर हात आपटून भरल्या रांगेत सांगितलं असतं, "मला काही मिळालेलं नाही, विचारा म्याडमना." आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असता.